राख आणायला गेलेला काशिनाथ

मोडक सर गेले आणि त्यांचं घर आवरायचं काम माझ्याकडे आलं. सरांच्या पत्नी आधीच गेलेल्या, मुलगी परदेशात, आणि शरणपूर रोडच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत कुणाचं घर आवरायचं असलं की लोकांना माझंच नाव आठवतं. अशा कामात मी तीन ढीग करते. ठेवायचं, द्यायचं, टाकायचं. चौथा ढीग होऊ द्यायचा नाही. चौथा झाला की घर तसंच राहतं आणि माणूस आठवणी आवरत बसतो.

दिवाणखान्यातलं काचेचं कपाट मी शेवटी घेतलं. वरच्या फळीवर सरांच्या पणजोबांची तांब्याची पळी-पंचपात्री. ते ख्रिस्ती होण्याआधी संध्या करत, तेव्हाची. ती मुलीला द्यायची, हे ठरलेलंच होतं. तिच्या शेजारी काशाची एक थाळी होती. बरोबर मधोमध मेणाचा काळपट डाग, वर्षानुवर्षं पुसला तरी न गेलेला. ती कुठल्याच ढिगात बसेना. संध्याकाळपर्यंत स्टुलावर पडून होती. मग मी ती वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घातली.

ती थाळी काशिनाथ भोयेची. म्हणजे त्याच्या बापाची.

काशिनाथ सुरगाण्याकडचा, कोकणा जमातीतला. नव्वदचं दशक संपत आलं असताना नाशिकला भूगोल घेऊन बी. ए. करायला आला. पेठ रोडवर आदिवासी मुलांच्या वसतिगृहात राहायचा. आमचा ख्रिस्ती विद्यार्थ्यांचा गट दर शनिवारी दुपारी मोडक सरांकडे जमायचा. गाणी, शास्त्रपाठ, प्रार्थना, शेवटी पोहे. माझं शिक्षण संपून मी एका शाळेच्या ऑफिसात लागले होते, पण गटाच्या चिटणीसपदातून सरांनी मला मोकळं केलं नव्हतं. सतरंज्या कोण घालणार, चहा कोण करणार, सुरुवातीची प्रार्थना कोण करणार, हे मी बघायचे. नव्या माणसाची ओळख करून द्यायचं कामही माझंच.

मी त्याला नाव विचारलं. म्हणाला, "काशिनाथ."

विनय साळवे शेजारी बसला होता. तो आमच्या गटाचा विनोदवीर, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. म्हणाला, "नावात काशी, राहायला नाशिक. तू चुकून दुसऱ्या सत्संगाला तर आला नाहीस ना?"

"तिकडं पोहे देत नाय म्हणाले," काशिनाथ म्हणाला. "म्हणून इकडं."

त्या दिवसापासून ते दोघे जोडीने बसायला लागले.

दिसायला काशिनाथ साधाच. आखूड बांधा, रुंद पंजे, कपाळावर लहानपणीच्या पडण्याची खूण. शर्ट मात्र कडक इस्त्रीचा. वसतिगृहात गरम पाण्याचा तांब्या फिरवून तो स्वतः इस्त्री करायचा. चहा कोरा लागायचा. आभार मानायची त्याला सवय नव्हती. एखाद्याने काही दिलं तर तो मान हलवायचा आणि पुढच्या वेळी गावाहून आला की त्या माणसाच्या पुढ्यात काहीतरी ठेवायचा. करवंदं, नागलीचे पापड, तुरीच्या शेंगा. "हे कशाबद्दल?" विचारलं तर म्हणायचा, "तुम्हाला माहीत हाय."

चर्चमध्ये आम्ही सगळे बुटा-चपलांनिशी जायचो. तो पायरीवर चपला काढायचा. एकदा त्या चोरीला गेल्या आणि तो अनवाणी पेठ रोडपर्यंत चालत गेला. पुढच्या रविवारी पुन्हा पायरीवर नव्या चपला. मी म्हटलं, "आत घालून ये की." म्हणाला, "शैलाताई, तहसीलदाराच्या कचेरीत आमचा बा जोडे बाहेर काढतो. देव काय तहसीलदाराहून कमी हाय का?"

प्रार्थनेच्या वेळी तो डोळे मिटत नसे. सरांनी टोकलं तर म्हणाला, "डोंगरात डोळे मिटून उभं राहिलं की पाय घसरतो, सर." सर म्हणाले, "इथे कुठला डोंगर?" त्याने नुसतं हसून खिडकीबाहेर पाहिलं.

आणखी एक सवय. विचारात पडला की तो पेन घेऊन वहीवर उभं धरायचा आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं त्यावरून वरून खाली सरकवत राहायचा. पुन्हा वर, पुन्हा खाली. मला वाटायचं, पेनाला शाई लागलीय, पुसतोय.

मोडक सरांबद्दल आधीच सांगायला हवं, नाहीतर पुढे ते एकदम वाईट माणूस वाटतील. गणिताचे निवृत्त शिक्षक. काशिनाथला पहिल्याच वर्षी मलेरिया झाला तेव्हा सरांनी त्याला वसतिगृहातून उचलून घरी आणलं, स्वतःच्या खोलीत झोपवलं आणि स्वतः बाहेर सतरंजीवर झोपले. भाताची पेज चमच्याने भरवली. हे सगळं मी पाहिलं आहे. ज्याला आपण पेज भरवली त्याचं भलं कशात आहे हे आपल्यालाच कळतं, एवढंच सरांचं म्हणणं होतं. ते त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही.

गटात एक पद्धत होती. नवा माणूस रुळला की त्याने साक्ष द्यायची. साक्षीचे दोन भाग: आधी पूर्वीचं आयुष्य, मग प्रभूत आल्यानंतरचं. पहिल्यात काळोख, दुसऱ्यात उजेड. आम्ही बहुतेक तीन-चार पिढ्यांचे ख्रिस्ती, आमच्याकडे काळोख असा कुठून येणार? आम्ही चोरून पाहिलेले सिनेमे वगैरे सांगून वेळ मारून न्यायचो.

काशिनाथची साक्ष अर्धा तास चालली आणि त्यातली पंचवीस मिनिटं पहिल्या भागाची होती. बाप गावचा थाळीवाला. कुणी मेलं की थाळीवाल्याला बोलावतात. तो काशाच्या थाळीत मधोमध मेणाने एक कोरडी काडी उभी चिकटवतो, बोटांना राख लावतो आणि काडीवरून बोटं वरून खाली ओढतो. थाळीतून घूंऽऽ असा आवाज निघतो. त्या आवाजावर तो गोष्ट गातो. जग कसं झालं, धान्य कसं आलं, आता गेलेल्या माणसाने कुठल्या वाटेने जायचं. "वाट सांगावी लागते," काशिनाथ म्हणाला, "नवीन असतो ना तो तिकडं." हे सांगताना तो पेनावर बोटं ओढून दाखवत होता, तेव्हा मला शाईचा उलगडा झाला.

दुसरा भाग त्याने थोडक्यात आटोपला. आई आजारी पडली. पलीकडच्या गावचा एक विश्वासी, ख्रिस्ती झालेला माणूस, तिच्यासाठी प्रार्थना करायला यायचा, नदी ओलांडून.

"आणि आई बरी झाली," सर पुढे सरसावून म्हणाले.

"नाय. मेली."

सर पुन्हा मागे टेकले.

"मेल्यावर पण तो माणूस येत राहिला, सर. आम्ही दोघंच होतो घरात, बा आन मी. भाकरी करता येत नव्हती. तो यायचा, भाकऱ्या थापायचा, प्रार्थना करायचा, जायचा. मी म्हटलं, ज्याचा माणूस असा, तो मालक कसा असंल? म्हणून मी."

सरांनी मान डोलवली. मग म्हणाले, "छान. पण काशिनाथ, यात काळोख कुठं आहे?"

"गावात लाईट नव्हती, सर. काळोख पुष्कळ होता."

आम्ही हसलो. सरांना हसू आलं नाही. नंतर सर त्याला निरनिराळ्या मंडळ्यांत साक्षीला न्यायचे तेव्हा ओळख स्वतः करून द्यायचे, आणि त्या ओळखीत आई बरी झालेली असायची. काशिनाथ उठून आधी ते दुरुस्त करायचा. चौथ्या-पाचव्या वेळेनंतर सरांनी त्याला नेणं बंद केलं.

बाप्तिस्म्याच्या वेळी सरांनी नाव सुचवलं, कालेब. "त्याने म्हातारपणी देवाकडे डोंगर मागून घेतला. तुला शोभेल."

"मला मागायची काय गरज? माझा हायच," काशिनाथ म्हणाला. तो काशिनाथच राहिला.

त्यानंतरच्या वर्षी सरांनी गटात एक पाठमालिका घेतली, 'आपण कोण?' सगळ्यांनी कागदावर एकच शब्द लिहायचा. सगळ्यांनी लिहिलं, ख्रिस्ती. काशिनाथने लिहिलं, कोकणा. सर नाराज झाले नाहीत, उलट खूश झाले; शिकवायला धडा मिळाला. ख्रिस्तात जात नाही, कूळ नाही, जुनं सगळं वाहून गेलं, असं त्यांनी समजावलं. काशिनाथ ऐकत होता, पेनावर बोटं चालू होती.

"सर, घागरीत पाणी आणायचं म्हटलं तर मोलाचं काय?"

"पाणी."

"मग घागर फोडून आणा."

विनय खो खो हसला. सर म्हणाले, "शब्दांचे खेळ नकोत."

"खेळ नाय, सर. तुमच्या कपाटात ते तांब्याचं काय हाय?"

"माझ्या पणजोबांची पळी-पंचपात्री. तो आमच्या घराण्याचा वारसा आहे. आम्ही मूळचे…" आणि सर थांबले. मूळचे कोण हे ते फार वेळा सांगायचे, पण त्या दिवशी धड्याचा विषयच आडवा आला.

"तुमचं मूळ काचेत," काशिनाथ म्हणाला. "आन माझं वाहून गेलेलं बरं?"

सरांनी विनयकडे मोर्चा वळवला. "विनय, तू सांग. तुमच्या घरी कधी असा प्रश्न येतो का?"

विनयचा चेहरा मी तसा आधी पाहिला नव्हता. "आमच्या घरी काचेच्या कपाटात ठेवायला काही नाही, सर," तो म्हणाला. "आम्ही मूळचे कोण, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. माहीत असेल म्हणून."

त्या दिवशी पोहे बरेच उरले.

दिवाळीच्या सुट्टीत काशिनाथ गावी गेला आणि येताना थाळी घेऊन आला. बापाशी महिनाभर वाद घालून आणली होती. बाप त्याच्या ख्रिस्ती होण्यावर चिडला नव्हता. म्हणाला होता, "देव बदललास, बदल. थाळी बदलू नको." आणि देताना अट घातली होती: "मी गेल्यावर हीच वाजली पाहिजे. आन तूच वाजवायची."

शनिवारी त्याने ती आम्हाला ऐकवली. सरांच्या अंगणात, दुपारच्या उन्हात. प्रभूच्या जन्माची गोष्ट त्याने त्यांच्या कोकणा बोलीत रचली होती. आम्हाला निम्मी कळली. मरिया पोटुशी, घाट चढतेय, दम लागतो तिथे दगडावर टेकते. गावात कुणी घर देत नाही. गोठ्यात बाळ होतं. गुराखी येतात, ते तिच्यासाठी नागलीची पेज आणतात, कारण बाळंतिणीला दुसरं काय देणार? थाळीचा तो घुमणारा आवाज एकसारखा चालू होता. सरांच्या बायको, सुलोचनाकाकू, स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. लहानपणापासून ती गोष्ट मी प्रत्येक नाताळात ऐकली आहे. बाळंतिणीला भूक लागली असेल हे मला त्या दिवसापर्यंत सुचलं नव्हतं.

सर म्हणाले, "गोड आहे. पण जे वाद्य मेलेल्यांसाठी वाजतं ते प्रभूसाठी कसं वाजेल?"

"प्रभू पण मेला होता की, सर," काशिनाथ म्हणाला. "त्याला वाट सांगायला कोण होतं?"

आमच्या चर्चमध्ये उपकारस्तुतीचा सण व्हायचा. सुगीचं पहिलं पीक लोक वेदीपुढच्या टेबलावर आणून ठेवायचे. शहरात सुगी कसली, पण कांदे, भोपळे, लोणच्याच्या बरण्या, केक, एखादा कोंबडा, असं यायचं. उपासना संपली की हे सगळं बाहेर आवारात आणून लिलाव व्हायचा आणि पैसे चर्चला. मजेचा भाग असायचा. तोच कोंबडा तीन-तीनदा विकला जायचा, कारण घेणारा पुन्हा दान करायचा. नियम एकच: टेबलावर ठेवलं ते प्रभूचं झालं.

पाळकसाहेबांनी काशिनाथला गायला परवानगी दिली होती. मी कार्यक्रमात त्याचं नाव अर्पणानंतर घातलं होतं. कार्यक्रम चालवायला मोडक सर होते.

आता काशिनाथच्या गावची रीत. थाळी वाजवायच्या आधी ती देवापुढे धान्याच्या राशीवर ठेवतात. त्याने घरून आणलेली नागली टेबलावर ओतली, तिच्यावर थाळी ठेवली, डोकं टेकवलं आणि बोटांना लावायला राख बघायला गेला. शहरातल्या चर्चमध्ये राख कुठे मिळणार? तो बाहेर पडला, सिग्नलच्या पलीकडे इस्त्रीवाल्याची कोळशाची इस्त्री होती, तिथे गेला.

अर्पण झालं. सर उभे राहिले आणि म्हणाले, वेळेअभावी पुढचा कार्यक्रम गाळत आहोत, शेवटचं गीत घेऊ. पाळकसाहेबांनी मान वर करून पाहिलं, पण तोवर पेटी सुरू झाली होती.

काशिनाथ कागदाच्या पुडीत राख घेऊन फाटकातून आत आला तेव्हा आवारात लिलाव चालू होता. लिलाव करणारे काका बँकेत कॅशियर होते, आवाज मोठा. त्यांच्या हातात थाळी होती.

"काशाची थाळी! जुनी, वजनदार! बोला!"

"माझी हाय ती," काशिनाथ म्हणाला.

"कितीला म्हणता?"

"माझी हाय म्हणतोय, काका!"

"अहो मग बोली लावा की! सगळेच माझी माझी म्हणतात!" लोक हसले. खरोखर मजेत हसले, कुणाच्या मनात काही नव्हतं. विनय पुढे घुसला, काकांच्या कानाशी काही बोलला. काकांनी गोंधळून मोडक सरांकडे पाहिलं.

सर शांतपणे म्हणाले, "टेबलावर ठेवलेलं परत घेत नाहीत. नियम सगळ्यांना सारखा." आणि त्यांनी स्वतः बोली लावली, अशी की दुसऱ्या कुणी तोंड उघडू नये.

काशिनाथ पुडी हातात धरून उभा होता. राख थोडी थोडी सांडत होती. त्याचा शर्ट पांढरा होता.

सर त्याच्यापाशी आले. "कुणा भंगारवाल्याकडे जाऊ नये म्हणून घेतली. माझ्याकडे सुरक्षित राहील." आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ते खरंच तसं समजत होते.

पुढच्या शनिवारी थाळी काचेच्या कपाटात होती, पळी-पंचपात्रीच्या शेजारी. सरांनी आम्हाला सांगितलं, "बघा, दोन्ही वारसे शेजारी शेजारी. आता काशिनाथची तक्रार नको." त्यांना वाटलं, त्यांनी मान दिला. कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली जानव्यासारखी सरांच्या गळ्यात, असं विनय बाहेर पडल्यावर म्हणाला. काशिनाथला हसू आलं नाही.

तरी तो येत राहिला. कपाटाकडे पाठ करून बसायचा. पेन उभं धरायचा नाही. गावी मात्र जायचा बंद झाला. बापाला काय सांगणार?

उन्हाळ्यात गावाहून निरोप आला, बाप गेला.

तो तडक सरांकडे आला. शनिवार होता, आम्ही सगळे होतोच. दारातच उभा राहिला.

"सर, थाळी द्या. कार्य झालं की आणून देतो."

सर उठले, त्याला जवळ घेतलं, त्यांचे डोळे भरून आले होते. मग म्हणाले, "देतो. कायमची देतो. फक्त या भावंडांसमोर एवढं सांग, की ती वाजवणार नाहीस."

"मग काय करू तिचं? बापाला जेवायला वाढू?"

"आठवण म्हणून ठेव. बाळा, हीच परीक्षा आहे. आज तू कोणाचा आहेस ते ठरतंय."

"मी बापाचा हाय, सर. आन प्रभूचा. तुम्ही दोघांतून एक मागू नका. प्रभूनं मागितलं नाय, बापानं मागितलं नाय. तुम्हीच मागताय."

सुलोचनाकाकू म्हणाल्या, "अहो, द्या ना." सर म्हणाले, "आपण प्रार्थना करू." आणि त्यांनी डोळे मिटले.

विनय उठला, कपाटापाशी गेला. "काशा, काच फोडू का? सांग फक्त."

काशिनाथने त्याच्याकडे पाहिलं, मग थाळीकडे. "नको. चोरून आणलेली वाजली तर बाला वाट सापडायची नाय."

सरांची प्रार्थना चालू असतानाच तो निघाला. विनय त्याच्या मागे गेला आणि गावापर्यंत गेला. पुढचं मला विनयने सांगितलं.

गावाने शेजारच्या पाड्यावरून दुसरा थाळीवाला आणला होता. जाणत्यांनी काशिनाथला विचारलं, बापाची थाळी कुठे? तो खोटं बोलला असता तर निभावलं असतं. त्याने सांगितलं, चर्चमध्ये लिलावात गेली. म्हातारे एकमेकांकडे बघत राहिले. एक जण म्हणाला, "बाप जिता असताना त्याची वाट विकलीस?" त्याला अंगणात बसू दिलं नाही. आत बापासाठी दुसऱ्याच्या थाळीवर वाट गायली जात होती आणि हा कुंपणाबाहेर, मोहाच्या झाडाखाली. ते गाणं त्याला अख्खं पाठ होतं. गाणारा एका ठिकाणी चुकला, तेव्हा काशिनाथ कुंपणाबाहेरून ओरडला, "तिथं नदी हाय! नदी सोडली!" आतलं गाणं तसंच पुढे गेलं.

तो परत आला, परीक्षा दिली, गटात पुन्हा आला नाही. सर दर शनिवारी त्याच्यासाठी प्रार्थना घेत. भटकलेलं कोकरू म्हणत. विनयही सुटला. पुढे त्याने चर्चच सोडलं, पुण्याला नोकरी धरली. कधी फोन झाला तर काशिनाथचा विषय आम्ही दोघेही काढत नाही.

पुढच्या सात-आठ वर्षांत तुकड्या-तुकड्यांनी कळत गेलं. काशिनाथ बाहेरच्या कुठल्याशा नव्या पंथाच्या शाळेत शिकायला गेला. डोंगरात परतला, पत्र्याचं चर्च बांधलं. माणसं जमवली, पुष्कळ जमवली. मोडक सरांना हे कळलं तेव्हा ते अभिमानाने सांगत, "आमच्या गटातला!" आणि तसेच, आपण कुणाचं वाईट केलं नाही अशी खात्री बाळगून, झोपेत गेले.

थाळी घेऊन मी सुरगाण्याच्या गाडीत बसले. जायच्या आधी फोन केला होता. तो म्हणाला होता, "या ना, रविवारी या. आमचा उपकारस्तुतीचा सण हाय."

पत्र्याच्या शेडवर कापडी फलक होता: पास्टर कालेब के. भोये. मी तो दोनदा वाचला. आत की-बोर्ड, ढोल, मोठे स्पीकर. माणसं खच्चून भरलेली. सगळ्यांच्या पायांत चपला. तो पुढे उभा होता, सूट घालून, त्या उकाड्यात. अंगाने भरला होता. कपाळावरची खूण तीच.

उपासनेआधी मी त्याला बाजूला गाठलं आणि वर्तमानपत्र सोडलं. त्याने थाळी हातात घेतली नाही. अंगठ्याने मेणाचा डाग फक्त चाचपला.

"सर देऊन गेले?"

"सर वारले. मी आणली."

"तुम्ही लांबून आलात, शैलाताई," तो म्हणाला. त्याचं मराठी आता स्वच्छ होतं, एखादा 'हाय'-'नाय' सोडला तर कुठे डोंगर उरला नव्हता. "पण हे इथं नको. आमच्या लोकांना मी या सगळ्यातून बाहेर काढलंय. बाराएक थाळ्या जाळात टाकल्यात आम्ही. त्यांनी माझी पाहिली तर काय म्हणतील?"

"तुझ्या वडिलांची आहे."

"म्हणूनच नको." त्याने वर्तमानपत्र स्वतः पुन्हा नीट गुंडाळलं आणि पिशवी माझ्या खांद्याला अडकवली. "अर्धवट राहिलं की माणूस कुंपणाबाहेर बसतो, ताई. माझ्या माणसांना मी तसं बसू देणार नाय. कुंपणाच्या एका बाजूला घेतलंय मी त्यांना. पुरतं."

मी शेवटच्या रांगेत बसले. अर्पण झाल्यावर साक्ष होती. एक तरुण उठला, नवीनच लग्न झालेला असावा, शेजारी बायको. तो आपल्या आज्याबद्दल बोलत होता, पावरी कशी वाजवायचा, पहिलं भात कसं सगळ्या गावाला वाटायचा. बोलताना त्याचा चेहरा उजळला होता. बाया मान डोलवत होत्या, कुणीतरी हसलं.

काशिनाथने माइक ओढून घेतला. मायेने विचारलं त्याने, अगदी हळू.

"छान. पण बाळा, यात काळोख कुठं आहे?"

तरुण गांगरला. बायकोकडे बघितलं. मग आठवून आठवून काळोख सांगायला लागला. आज्याला भुतं लागायची. आज्या दारू प्यायचा. घरात भीती होती.

काशिनाथ मान डोलवत ऐकत होता. एक हात माइकच्या उभ्या दांडीवर होता. त्या हाताची दोन बोटं दांडीवरून वरून खाली सरकत होती. पुन्हा वर, पुन्हा खाली. स्पीकरमधून बारीक घरघर यायला लागली. की-बोर्डवाल्याने वायर तपासली.

काशिनाथने वर पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग हाताकडे. त्याने तो हात कोटाच्या खिशात घातला आणि डोळे घट्ट मिटून प्रार्थना सुरू केली.